मोठ्या मालकांचे रोडगे

"आतल्या खिशात ठेव. पाकिटात नको," जगदेव मुलाला बजावत होता. "पाकीट चोरीले जाते."

भागवतनं फोटो आतल्या खिशात ठेवला. फोटोत पांढरी टोपी घातलेला जगदेव होता आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसणारा एका परक्या देशाचा हुकूमशहा. जगदेव त्याला मोठे मालक म्हणायचा. रिठद गावचा हा माणूस तिथल्या भारतीय वकिलातीत बावीस वर्षं स्वयंपाकी होता. वकिलातीच्या हिरवळीवर गोवऱ्या पेटवून त्यानं एकदा कणकेचे रोडगे भाजले, तर मोठे मालक एकटे सात खाऊन गेले. तेव्हापासून आपल्या सरकारचं अडलेलं काम रोडग्यांवर सुटू लागलं. राजदूत साहेब खुशीत म्हणायचे, "जगदेव, एक माणूस सांभाळला की अख्खा देश सांभाळला. घरोघरी कशाला हिंडायचं?" आता मुलगा त्याच देशात नोकरीला निघाला, तेव्हा बापानं तोच मंत्र शिदोरीला दिला.

"अन् तिथले बाकीचे लोक कसे हायेत?" भागवतच्या आईनं, गोजराबाईनं विचारलं.

"त्याइले कोन इचारते?"

खरं म्हणजे ते कसे आहेत, हे जगदेवलाही ठाऊक नव्हतं. त्याला भाजी आणून देणारा तिथला गडी एक दिवस पोलिसांनी उचलला, तो परत आलाच नाही. जगदेवनं दुसरा गडी पाहिला.

दीड वर्षानं ते बाकीचे लोक रस्त्यावर उतरले. दुपारी भागवतचा फोन आला.

"बाबा, लोक घराघरात घुसून राह्यले. मालकाची मान्सं शोधून राह्यले. मी खोलीतच दडून बसू का?"

"अबे, तू काय चोर हायेस? दडतं कायले? फाटकावर जाय अन् फोटो दाखव. पोलीस सलाम ठोकते त्याले!"

पोरगा आज्ञाधारक, तेच नडलं. फोन चालूच होता. जगदेवला जिन्यावर चपला वाजलेल्या ऐकू आल्या, मग फाटक, मग भागवतचं तिथल्या भाषेतलं "हे माझे बाबा". त्यानंतर जो गलका उठला, तो कळायला बापाला कुठलीच भाषा येण्याची गरज नव्हती.

मोठे मालक तोवर विमानानं दिल्लीत उतरले होते. सरकारनं त्यांना बंगला दिला.

भागवतचं प्रेत मात्र येईना. जगदेव रोज निवृत्त राजदूत साहेबांना फोन लावून रडायचा. साहेब हळहळायचे. "अरे, प्रयत्न चालू आहेत. पण तिथं आता आपल्या ओळखीचं कोणीच उरलं नाही."

प्रेताविना तेरवी आली. भागवतला आवडायचे म्हणून अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर पाडून जगदेवनं त्यात रोडगे पुरले. सोयरे मांडवात बसले होते. तेवढ्यात साहेबांचाच फोन आला. पोराचं काही कळलं असेल म्हणून गोजराबाई धावत आली. जगदेवनं आवाज मोठा केला.

"जगदेव, आपले पाहुणे, तुझे मोठे मालक, आठ दिवस नीट जेवले नाहीत रे. तुझी आठवण काढतात. विमानाचं तिकीट पाठवतो, ये आणि रोडगे कर."

जगदेव ताठ उभा राहिला. बावीस वर्षांची सवय, ती जीभ चालवून गेली.

"किती जनाचे करू, साहेब?"

गोजराबाईनं पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि रोडग्यांसकट सगळ्या आरावर ओतली.