वाणाचे टोमॅटो

मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या मालिनीवहिनींकडे हळदीकुंकू होतं. तिथे शैला जे बोलून गेली, ते बोलायचं तिने घरून निघताना मुळीच ठरवलं नव्हतं.

विषय संक्रांतीच्या वाणाचा निघाला होता. यंदा कोण काय लुटणार? मालिनीवहिनींनी साबणाच्या प्लॅस्टिकच्या डब्या आधीच आणून ठेवल्या होत्या, गुलाबी आणि निळ्या. कोणी चहाच्या गाळण्या म्हणालं, कोणी कंगवे. शैलाच्या मांडीवर सव्वा वर्षाची अनघा प्रसादाचं केळं मुठीत कुस्करत बसली होती. ते बघून एक बाई म्हणाली, हिला गुटी चालू ठेवा. दुसरी म्हणाली, गुटी बंद करा, तिच्यानेच भूक मेलीय. तिसरीने अनघाचं मनगट चाचपून नुसतंच "च्च" केलं.

त्या "च्च"वर शैला म्हणाली, "मी यंदा घरचे टोमॅटो लुटणार आहे."

"अगं बाई! सगळ्यांना?" मालिनीवहिनींनी विचारलं.

"सगळ्यांना. एकेक तरी."

कॉलनीत हळदीकुंकवाला बोलवायच्या बायका बत्तीस. शैला तळमजल्यावर राहायची. तिच्या क्वार्टरच्या मागे दहा-बारा हात जागा होती आणि तिथे टोमॅटोची बारा झाडं होती. त्या दिवशी त्यांच्यावर लिंबाएवढी हिरवी फळं लगडली होती. संक्रांतीला तीन आठवड्यांवर थोडे दिवस होते. हिशेब चुकीचा नव्हता, पण त्यात थंडी धरलेली नव्हती.

ते त्र्याऐंशी साल होतं आणि त्या वर्षी पावसाने जायचं नावच घेतलं नाही. नवरात्र ओलं गेलं, कोजागिरीला चंद्र दिसला नाही, आणि शैलाने लावलेली पहिली रोपं बुडापासून काळी पडून आडवी झाली. दुसरी लावेपर्यंत दिवाळी तोंडावर आली. पाऊस गेला तो थंडीला जागा करून देऊनच गेला. द्राक्षवाले पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतायत, असं पेपरात येऊ लागलं. नाशिक रोडला सकाळी कामावर निघालेली माणसं मफलरातून बोलायची, आणि शैलाचे टोमॅटो होते तसेच राहिले. फुगले मात्र. लिंबाचे मोसंबीएवढे झाले, पण रंग काही बदलेना.

वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या शैलाला याचं कारण माहीत होतं. टोमॅटोला लाल करणारं द्रव्य थंडीत तयार होत नाही. परीक्षेत तिने यावर दीड पान लिहिलंही होतं. पण लाल कसं करायचं, ते परीक्षेत विचारलेलं नव्हतं.

बायका मात्र रोज विचारायच्या. गॅलरीतून, दुधाच्या रांगेतून, गिरणीत. "काय शैलाताई, लाजले का तुमचे टोमॅटो?" विचारण्यात वाईट काही नव्हतं. शैलाला मात्र त्यात आणखी काही ऐकू यायचं. अनघा झाल्यापासून ती या कॉलनीत फक्त ऐकून घेत आली होती. पोरगी खात नाही, रडते फार, दात उशिरा आले, टोपरं घाला, टोपरं काढा. शैला सगळ्यांना विचारायची, सगळ्या सांगायच्या, आणि शैला ते वहीत लिहून ठेवायची. दर सोमवारी ती अनघाला दवाखान्याच्या काट्यावर नेऊन वजन करून आणायची आणि वाढलं नसलं की दिवसभर कोणाशी बोलायची नाही. आपल्या हातून काहीतरी नीट होतं, हे एकदा तरी बत्तीस बायकांच्या हातात ठेवावं, एवढंच तिला हवं होतं.

संक्रांत आली आणि गेली. झाडांवर एकही लाल टोमॅटो नव्हता.

"हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं," शैलाने नवऱ्याला सांगितलं.

"करता येतं ना," शरच्चंद्र बूट घालता घालता म्हणाला. "मग काळजी कसली?"

"रथसप्तमी आठ फेब्रुवारीला आहे."

"म्हणजे पंचवीस दिवस. पंचवीस दिवसांत माणूस लाल होतो." तो हसला आणि कामावर गेला. काळजी घरातच राहिली.

मग शैलाने झाडांची सेवा मांडली. शरच्चंद्रच्या ऑफिसातल्या एकाची शेती होती, त्याच्याकडून युरिया मागवला आणि चिमूट चिमूट दर चार दिवसांनी घातला. सकाळी नळ जायच्या आत पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. दिवस कलला की झाडांवर गोणपाटं, आणि दोन झाडांवर अनघाची जुनी दुपटी. अनघाचं वरण-भाताचं ताट घेऊन ती मागच्या पायरीवर बसायची, एक घास पोरीला, एक नजर झाडांना. झाडं दृष्ट लागावी अशी झाली. पानं काळीशार, बोटाएवढे जाड शेंडे, वर नवी फुलं. फळं हिरवी.

मेंदीच्या कुंपणापलीकडे मागच्या रांगेतल्या भिमाबाईंचं अंगण होतं. भिमाबाईंचे यजमान सहादू नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते, माहेर देवळ्याकडचं, घरची कांद्याची शेती. वयाने शैलाच्या आईपेक्षा थोड्या लहान. त्यांच्या अंगणात मिरची, मेथी, एक पपई, आणि भिंतीतल्या कोनाड्यात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. कुंपणावरून दोघींचं बोलणं व्हायचं, पण ते कपडे आणि नळापुरतं. हळदीकुंकवाच्या बोलावण्याच्या यादीत भिमाबाईंचं नाव कधीच नसायचं. त्यांच्या घरी ते करत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. बोलावलं तर त्यांना अवघड, न बोलावलं तर आपल्याला अवघड, म्हणून शैला त्या दिवसांत कुंपणापाशी कमी जायची.

एके दिवशी भिमाबाईच आपणहून बोलल्या. त्या बराच वेळ झाडांकडे बघत उभ्या होत्या.

"शैलाताई, काय घालता याला?"

"युरिया. थोडाच. आणि पाणी."

"दोन टाइम?"

"हो. थंडी आहे ना, म्हणून जरा जास्त काळजी घेते."

"काळजीनंच माजलंय हे झाड," भिमाबाई म्हणाल्या. "त्याला वरच्या वर खायाला भेटतंय, पियाला भेटतंय. ते कशापायी पिकवंल? त्याला वाटतंय अजून लय दिवस हायेत."

शैलाला हसू आलं नाही. "मग काय करायचं?"

"पाणी तोडायचं."

"म्हणजे?"

"तोडायचं म्हंजी तोडायचं. कांदा काढायचा आसंल तर आम्ही आधी पंधरा दिवस पाणी तोडतो. नायतर कांदा नुसता पात वाढवीत बसतो. हे शेंडे खुडा, फुलं खुडा. बुडाला खुरप्यानं एका अंगानं मुळ्या तोडा जराशा. आन गप ऱ्हावा."

"वाळून गेलं तर?"

"न्हाई जात. आन गेलं तरी तुमाला लाल टमाटेच पायजेत ना? झाड कुठं लुटायचंय!"

शैलाने शेंडे खुडले. फुलं खुडताना तिचे हात दोनदा थांबले, तरी खुडली. मुळ्याही तोडल्या. पाणी मात्र तोडवेना. पहिल्या दिवशी पानं दुपारी मान टाकून पडली. तिने चार वाजता अनघाच्या दुधाची बाटली विसळली आणि ते विसळवणी एका बुंध्याशी ओतलं. मग दुसऱ्या बुंध्याशी एक तांब्या. मग सगळ्यांना एकेक.

सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला. "चोरून पाजलंत व्हय?"

"थोडंसं. फारच सुकली होती हो."

"माती सांगतीया ना. बाई, तुमाला जमायचं नाय. तुमी तोटीची चावी माझ्याकडं द्या."

भिमाबाई थट्टाच करत होत्या, पण मागच्या नळाची तोटी खरोखर चावीने उघडायची होती. शैलाने आत जाऊन ती आणली आणि कुंपणावरून त्यांच्या हातात दिली. भिमाबाईंनी ती कंबरेला खोचली.

पुढचे दहा दिवस शैलाने पायरीवर बसून काढले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. झाडं रोज दुपारी कोलमडल्यासारखी व्हायची आणि सकाळी अर्धी उभी राहायची. खालची पानं पिवळी झाली, कडा करपल्या. वरून मालिनीवहिनी म्हणाल्या, "अहो, मेली का काय तुमची झाडं?" शैला म्हणाली, "नाही, पाणी तोडलंय," आणि आत गेली. आत जाऊन तिला रडू येईल असं वाटलं, पण अनघाने कणकेच्या डब्यात हात घातला होता, त्यामुळे ते राहून गेलं.

चौथ्या दिवशी सर्वांत खालच्या घोसातल्या एका टोमॅटोचं बूड पांढुरकं पोपटी दिसलं. शैलाने भिमाबाईंना हाक मारली. त्यांनी कुंपणातून हात घालून फळ फिरवून पाहिलं.

"आलं," त्या म्हणाल्या. "पोपटी झाला म्हंजी आतून पिकायला लागला. आता झाडावर नसला तरी पिकंल."

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी शैलाने फळं उतरवली. लाल अकरा. केशरी सहा. पोपटी एकोणीस. अगदी कच्चे ते झाडावरच ठेवले. मापाने लहानमोठे, पाठीवर चुण्या पडलेले, एकाला दुसऱ्यासारखा आकार नाही. तिने ते जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून मांडले आणि समोर बसून राहिली.

संध्याकाळी शरच्चंद्र आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती. त्याने ती ओट्यावर उपडी केली. बाजारातले तीन किलो टोमॅटो, गोल, गुळगुळीत, शेंदरी लाल.

"घे. संपली काळजी," तो म्हणाला.

"हे माझे नाहीत."

"टोमॅटोवर काय नाव लिहिलेलं असतं? तुझे अकरा वर ठेव, हे खाली. कोणाला कळणार आहे?"

"त्या बायका आहेत. त्यांना कळेल."

"कळलं तर कळलं. खोटं थोडंच बोलणार आहेस? कोणी विचारलं तर सांग, थोडे बाजारातले आहेत."

हे शैलाला पटण्यासारखं होतं, आणि तीच अडचण होती. तिने बाजारातला एक टोमॅटो उचलून आपल्या एका चुण्या पडलेल्या केशरी टोमॅटोशेजारी ठेवला. बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग बाजारातले सगळे पुन्हा पिशवीत भरले.

"उद्या सार करते यांचं," ती म्हणाली. "सात-आठ दिवस सारच खा."

"मग बायकांना काय देणार?"

"आहेत ते."

"हिरवे?"

"पोपटी," शैला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजल्यापासून बायका येऊ लागल्या. हळदीकुंकू झालं, अत्तर झालं, तिळगूळ झाला, आणि सगळ्यांच्या नजरा मधल्या मोठ्या परातीकडे लागल्या. परातीवर शैलाने नऊवारी जुनेराचा तुकडा टाकून ठेवला होता.

"लुटायचं आहे ना, मग लुटा," ती म्हणाली. "कापडाखाली हात घालायचा. हाताला येईल तो तुमचा. बदलून मिळायचा नाही."

पहिलीच्या हाताला लाल आला आणि ती किंचाळलीच. दुसरीला केशरी. तिसरीला पोपटी, आणि सगळ्या हसल्या. मग हसण्यासाठीच रांग लागली. कोणी डोळे मिटून हात घातला, कोणी चाचपून मऊ कोणता ते बघत राहिली, तेव्हा मागची ओरडली, "ए, लग्नाचा नवरा निवडतेस का, उचल की!" एका बाईच्या सासूने आपला लाल सुनेला देऊन सुनेचा हिरवा घेतला, त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली.

मालिनीवहिनींच्या हाताला त्या सगळ्यांतला सर्वांत हिरवा आला.

"हे वाण आहे की लोणच्याची फोड?" त्यांनी तो वर धरून सगळ्यांना दाखवला.

"तांदळाच्या डब्यात ठेवा," शैला म्हणाली. "सात-आठ दिवसांत लाल होईल. पोपटी झालाय, म्हणजे आतून पिकायला लागलाय."

"आणि नाही झाला तर?"

"तर चटणी करा."

हे उत्तर कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. बायका हसल्या, पण त्या हसण्यात शैलाला "च्च" ऐकू आलं नाही. तिने कान देऊन पाहिलं.

सगळ्या गेल्यावर मागचं दार वाजलं. भिमाबाई तोटीची चावी घेऊन उभ्या होत्या.

"झालं तुमचं?"

"झालं. या ना आत." मग शैलाने न राहवून म्हटलं, "भिमाबाई, मी तुम्हाला बोलावलं नाही, ते..."

"हळदीकुंकाचं आमच्यात नाय, ते तुमाला ठावं हाय," भिमाबाई सरळ म्हणाल्या. "टमाट्याला आले मी. दहा दिवस चावी सांभाळलीय."

परातीत कापडाखाली चार उरले होते. शैलाने कापड काढून परातच पुढे धरली. भिमाबाईंनी चारही उचलून पाहिले आणि त्यांतला एकुलता एक लाल घेतला, निऱ्या सावरत तिथेच पायरीवर बसून चावला. रस हनुवटीवर आला. अनघा दाराशी उभी राहून बघत होती. तिने हात पुढे केला तसा भिमाबाईंनी उरलेला अर्धा तिच्या हातात दिला. अनघाने तो चाटला, तोंड वाकडं केलं, पुन्हा चाटला.

"आंबट हाय जरा," भिमाबाई म्हणाल्या. "थंडीचा हाय ना."

पुढच्या आठवड्यात कॉलनीतल्या निम्म्या बायका शैलाकडे येऊन गेल्या. तांदळात पुरायचा की नुसता वर ठेवायचा? झाकण घट्ट लावायचं का? शेजारी केळं ठेवलं तर लवकर पिकतो म्हणतात, खरं का? दुधाच्या रांगेत एकीने पदराआडून आपला टोमॅटोच काढून दाखवला. शैला प्रत्येकीला सांगायची. केळ्याचं खरं होतं, आणि ते का खरं होतं तेही तिला सांगता आलं. दोघीतिघींनी झाडांवर राहिलेल्या कच्च्या फळांतलं एकेक मागून नेलं. अनघाच्या गुटीचा विषय त्या दिवसांत कोणी काढला नाही. शैलाही त्या सोमवारी काट्यावर गेली नाही. आपण गेलोच नाही, हे तिला मंगळवारी संध्याकाळी आठवलं.

नवव्या दिवशी मालिनीवहिनी जिना उतरून खाली आल्या. त्यांचा टोमॅटो त्यांनी बशीतून आणला होता. एक बाजू पिवळी पडली होती, दुसरी मऊ.

"बघा हो. रोज बघते मी, पुढे सरकतच नाही. आणखी ठेवू का? माझं काही चुकलं का?"

शैलाने तो हातात घेतला, अंगठ्याने दाबला, देठापाशी वास घेतला.

"तुमचं काही चुकलं नाही. हा जरा कोवळाच तोडला गेला माझ्याकडून. आता नाही व्हायचा लाल. आज आमटीत घाला."

"नक्की?"

"नक्की."

मालिनीवहिनींनी बशी घेतली आणि त्या वर गेल्या. संध्याकाळी जिन्यात आमटीच्या फोडणीचा वास आला.