कुंपणालगतचं गवत

शेजारच्या रेगिनाचं तोंड दिसू नये, एवढ्याचसाठी आनियेलाने तारेच्या कुंपणालगत शोभेचं गवत लावलं होतं. रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितलं की हे गवत ऑगस्टपर्यंत पुरुषभर उंच होतं, वर रुपेरी तुरे येतात आणि वाळलं तरी हिवाळाभर उभंच राहतं. तुऱ्यांशी तिला कर्तव्य नव्हतं. हिवाळाभर उभं राहतं म्हटल्यावर तिने सात रोपं घेतली.

त्याआधी दोघी पंचवीस-तीस वर्षं गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकत्र बटाटे सोलत होत्या. भांडण झालं ते रेगिनाच्या नामदिनाच्या, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या दिवसाच्या, जेवणात. आपला मुलगा त्सेझारी नॉर्वेला नोकरीसाठी गेलाय, असं आनियेला सगळ्यांना सांगत असे. त्या दिवशी टेबलाभोवती निम्मी गल्ली बसलेली असताना रेगिना सहज बोलून गेली, "नोकरी कसली, बायकोला टाकून पळालाय तो." ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. आनियेला समोरचा खसखशीचा केक तसाच ठेवून उठली. पुढे तिने दुकानात, चर्चच्या दारात, सगळीकडे बजावून ठेवलं, त्या बाईचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.

गवताची एकच अडचण होती. दर वर्षी मार्चमध्ये ते वीतभर ठेवून कापावं लागे. हिवाळ्याआधी कापलं तर पोकळ काड्यांत पाणी शिरून मुळं कुजतात, आणि कापलंच नाही तर नवे कोंब जुन्या पेंढ्यात गुदमरतात. मग पुढचे तीन महिने, गवत पुन्हा डोक्याएवढं होईपर्यंत, कुंपण उघडं पडे. त्या दिवसांत आनियेला अंगणातसुद्धा बऱ्यापैकी जाकीट घालून फिरे. गुडघा कितीही दुखला तरी लंगडत नसे. नवरा गेल्यावर तर तिने आणखी एक सुरू केलं होतं. बाराही महिने, दर रविवारी दुपारी त्या बाजूची खिडकी किलकिली करून रेडिओ मोठ्याने लावायचा. पडदा मात्र ओढलेला. पलीकडे वाटावं, हिच्याकडे माणसं जेवायला आली आहेत.

यंदा खांदा धरला होता, म्हणून तिने कापणी पुढे पुढे ढकलली. शेवटी बुडाशी हिरवे कोंब दिसायला लागले. आणखी थांबलं तर त्यांचेही शेंडे कातरीत सापडले असते. एका कोरड्या सकाळी ती हातमोजे चढवून बाहेर पडली, कारण वाळल्या पात्याची कडासुद्धा बोट चिरते. गवताच्या पहिल्या बेटाला तिने कमरेच्या उंचीवर दोरीने आवळून पेंढीसारखं बांधलं आणि खाली वाकून मोठ्या कातरीने काड्या तोडायला सुरुवात केली. कडाकडा आवाज होत होता, धुरळा नाकात जात होता. पेंढी कलली की ती ओढून बाजूला टाकायची आणि पुढच्या बेटाकडे वळायचं.

तिसरं बेट आडवं झालं तेव्हा तिने सवयीने पाठ ताठ केली आणि मग नजर पलीकडे गेली.

रेगिनाच्या खिडक्यांच्या झडपा खाली होत्या. उंबऱ्यावर अक्रोडाची पानं साचून काळी पडली होती. वरून बर्फ पडून वितळूनही गेलेलं, इतकी जुनी पानं. कपडे वाळत घालायची दोरी काढून नेलेली होती. आनियेला उलट्या बादलीवर बसली. गेली, असं तिच्या मनात आलं. गेली आणि मला कुणी सांगितलंही नाही.

ती हातमोज्यांसकट दुकानात गेली. दुकानवाली इवोना पाव रचत होती. रेगिना कुठे आहे, हे विचारताना आनियेलाची जीभ त्या नावाला अडखळली.

रेगिना जिवंत होती. शरद ऋतूत जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला लेक तिला व्रॉत्सुआफ शहरात आपल्याकडे घेऊन गेली. घर विकायला काढलंय.

"मला कुणी बोललं नाही," आनियेला म्हणाली.

"बोलणार कसं, आनियेलाबाई?" इवोना हळूच म्हणाली. "नाव काढलंत तर दुकानात पाऊल ठेवणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

आनियेलाने हातमोजे काढून खिशात कोंबले. म्हणजे हिवाळाभर रविवारी तो रेडिओ रिकाम्या घराला ऐकवत होतो आपण. मग तिने फोन नंबर मागितला.

दुपारी तिने फोन लावला.

"मी आनियेला."

रेगिना म्हणाली, "गवत कापलंस वाटतं."

"अर्धंच. खांदा दुखतोय."

"तरीच. मी म्हटलं, मार्च सरत आला, अजून कळलं कसं नाही हिला." रेगिनाचा आवाज बारीक झाला होता. "तू कापलंस की मी खुर्ची खिडकीपाशी ओढायचे. तू पाठ करून असायचीस गं, पण असायचीस."

आनियेलाला माफी मागायची होती की रेगिनाला मागायला लावायची होती, तिचं तिलाच कळेना. तोंडातून भलतंच आलं. "रविवारी माझ्याकडचे पाहुणे ऐकू यायचे का तुला?"

"रेडिओ ऐकू यायचा," रेगिना म्हणाली. "कुणाला बोलले नाही मी."

त्यानंतर दोघी अधूनमधून बोलत. फार काही निघत नसे. गुडघा, खुबा, औषधं. रेगिना आठव्या मजल्यावर राहत होती, लेक दिवसभर कामावर. समोर नुसत्या बाल्कन्या दिसतात म्हणे, आणि एकही चेहरा ओळखीचा नाही. ईस्टरला ये, असं आनियेलाने म्हणून पाहिलं. पण लिफ्ट सारखी बंद असे आणि जिना रेगिनाला झेपत नव्हता. एकदा फोनवर गप्पच बसल्या दोघी, कुणीही न ठेवता.

उरलेली बेटं आनियेलाने त्या पहिल्या फोनच्या दुसऱ्या दिवशी कापली होती. घाई अशी काही नव्हती.

घर वॉर्सातल्या एका तरुण जोडप्याने घेतलं, सुट्टीपुरतं यायला. जूनमध्ये ती दोघं पहिल्यांदा आली तेव्हा गवत छातीपर्यंत आलं होतं. त्यांच्यातली मुलगी कुंपणाशी येऊन नमस्कार करून गोड हसली. गवत फार छान आहे, काकू, म्हणाली, आम्हाला आयताच आडोसा झाला.

"वाढेल अजून," आनियेला म्हणाली. "ऑगस्ट आला की काही दिसणार नाही तुम्हाला."

मुलीने आभार मानले आणि ती आत गेली. आनियेला कुंपणापाशी उभीच राहिली. पलीकडे खुर्च्या सरकवल्याचे, हसण्याचे आवाज येत होते, आणि पात्यांच्या फटींतून कुणाचीतरी पांढरी बाही तेवढी दिसत होती.