लिफ्टवाल्याबद्दल प्रत्येकाचं मत

मोहिद्दीन जुम्म्याच्या नमाजाहून परत येईपर्यंत रामचंद्रने टीव्हीमागची वायर दोनदा काढून पुन्हा लावली आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण उगाचच उचलून पाहिलं. त्याच्या थोरल्या मुलीचा, सोनमचा, साखरपुडा झाला ते हे वर्ष, दोन हजार नऊ. साखरपुडा गावी त्याच्याविनाच उरकला. कंपनीत माणसं कमी करायचं चाललेलं असताना सुट्टी मागायला कोण जाणार? सुट्टीवर गेलेल्या दोघांना कंपनीने परतीचं तिकीटच पाठवलं नव्हतं. त्यांचे पलंग याच खोलीत होते, आखातातल्या रुवैसच्या कामगार कॅम्पात, आणि त्यांच्यावर आता धुतलेले कपडे वाळत पडत.

राहिले होते चौघे. पाइप जोडणाऱ्या टोळीचा फोरमन रामचंद्र. त्याच्या टोळीतले दोन वेल्डर, पन्नाशी ओलांडलेला मोहिद्दीन आणि आयटीआय करून आलेला नागेश. चौथा सदानंद, परांची बांधणारा, संगमेश्वरकडचा. त्याची जीभ कधी स्वस्थ नसे.

“आला बाबा आमचा हाजी,” मोहिद्दीनने दारात चपला काढल्या तसा सदानंद म्हणाला. “यल्ला, चला, वाढा आता. मटण वाट बघून म्हातारं झालं.”

“हाजी व्हायला पैसे लागतात रे,” मोहिद्दीन म्हणाला. “तू देतोस का?”

चौघे जेवायला बसले. रामचंद्रने वाढलं. नागेशच्या ताटात त्याने एक हाड जास्त टाकलं आणि मग, कोणाच्या लक्षात आलं की काय म्हणून, मोहिद्दीनच्याही ताटात टाकलं. त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. गुरुवारी इंजिनियरने त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, दोन वेल्डरपैकी एकच ठेवायचा. शनिवारी सकाळी काढायचा त्याचं नाव दे. साहेबाने सहज सांगितलं आणि लगेच फोन उचलला. खोलीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कालपासून कोणी तिच्याबद्दल बोललं नव्हतं.

रामचंद्रचं तसं ठरलं होतं. तो नागेशचं नाव देणार होता. खरं तर नागेशचे वेल्डिंगचे जोड एक्स-रेला पहिल्या फटक्यात पास होत. मोहिद्दीनचे गेल्या वर्षापासून परत येऊ लागले होते. रामचंद्रने कोणाला न सांगता त्याला मोठ्या लाइनवरून काढून पाइपांखालच्या सपोर्टचं किरकोळ काम द्यायला सुरुवात केली होती, जिथे एक्स-रे नसतो. आता मोहिद्दीनचं नाव दिलं तर टोळीतला एकुलता एक मुसलमान काढला असं होईल. लोक तसं म्हणतील. एकाच खाडीच्या दोन काठांवरची त्याची आणि मोहिद्दीनची गावं. एकाच वर्षी दोघे आखातात आले. पोरगा तरुण आहे, त्याला कुठेही काम मिळेल, असं रामचंद्र स्वतःला समजावत होता.

त्या शुक्रवारचा सिनेमा इंग्रजी होता, जुना, काळापांढरा. नागेश दुबईला गेला होता तेव्हा करामातल्या एका दुकानातून त्याने ती सीडी पाच दिरहमला आणली होती. “म्हणजे पासष्ट रुपये,” सदानंदने तेव्हाच हिशेब केला होता, “आणि रंगसुद्धा नाहीत.”

दर शुक्रवारी असंच चाले. इंग्रजी असला की खाली उमटणाऱ्या ओळी वाचून नागेश मराठीत सांगत जाई. सिनेमा संपला की प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. मत न देणाऱ्याने सगळी भांडी घासायची, हा सदानंदचा कायदा. त्यामुळे झोपून गेलेला माणूसही शेवटी काहीतरी ठोकून देई.

मोहिद्दीन नेहमीसारखा टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसला.

“काचेला नाक लागेल, भाई,” सदानंद म्हणाला.

“तुझं तोंड लांब राहतं ना, म्हणून.”

बंदर असलेलं एक शहर. ओले रस्ते, दिव्यांखाली हॅट घातलेली माणसं, कोणाचाच चेहरा धड उजेडात नाही. एका हॉटेलच्या जिन्यात मालकाचा खून होतो. हॉटेलात लिफ्ट चालवणारा एक काळा माणूस असतो. त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. तिथे उतरलेले पाहुणे एकामागून एक पोलिसांना सांगतात, अंधार होता, पण आम्ही त्यालाच पाहिलं. एक म्हातारी तर शपथ घेऊन सांगते. इन्स्पेक्टर तेवढा वेगळा. तो लिफ्टवाल्याला बसायला खुर्ची देतो, स्वतःची सिगारेट देतो. शेवटी खुनी निघतो वरच्या मजल्यावरचा एक सभ्य वकील. लिफ्टवाला सुटतो. तुरुंगाच्या दारात इन्स्पेक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि नागेशने वाचून सांगितलं, “म्हणतोय, मला पहिल्यापासून माहीत होतं, तू असं करणारा नाहीस.”

लिफ्टवाला कॉलर वर करून रस्त्याने निघून जातो. संपलं.

“बोला,” सदानंद म्हणाला. “मी आधी सांगतो. मला शेवटपर्यंत वाटलं, त्यानेच केलंय. एवढे लोक सांगतात म्हटल्यावर!”

“सगळ्यांनी अंधारात पाहिलं,” नागेश म्हणाला. “अंधारात काय दिसणार? त्यांना जो हवा होता तो दिसला. मला तर त्या म्हातारीचा राग आला.”

“गोरे लोक असलेच. आपल्याकडे असलं काही नाही.”

“आपल्याकडे काय नाही?” नागेशने विचारलं.

“लिफ्ट नाही,” सदानंद म्हणाला, आणि चौघेही हसले. हसणं ओसरल्यावर तो रामचंद्रकडे वळला. “तुमचं मत, फोरमनसाहेब?”

“इन्स्पेक्टर आवडला,” रामचंद्र म्हणाला. “सगळं गाव एका बाजूला, आणि हा एकटा त्याच्यामागे उभा राहिला. असा एक माणूस पाहिजे.”

“वा. मोहिद्दीनभाई?”

मोहिद्दीन टीव्हीच्या निळ्या पडद्याकडे बघत होता. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि ताटं गोळा करू लागला.

“मत नाही?” सदानंद म्हणाला. “खलास. घासा मग भांडी.”

खोल्यांच्या रांगेमागे धुण्याचा लांब ओटा होता. दुपारचं पाणी नळातून कढत येत असे. मोहिद्दीन ताटं मांडून बसला. थोड्या वेळाने रामचंद्र पातेलं घेऊन मागे आला आणि शेजारच्या नळावर बसला.

“तू तर मत दिलंस,” मोहिद्दीन म्हणाला.

“पातेलं जड आहे.”

दोघे घासत राहिले.

“तुला नाही आवडला सिनेमा?”

“सिनेमा चांगला होता. तुझा इन्स्पेक्टर नाही आवडला.”

“का? त्यानेच तर वाचवला त्याला.”

“वाचवला ना. मी कुठे नाही म्हणतो?” मोहिद्दीनने ताट पालथं घातलं. “पण तो म्हणाला, पहिल्यापासून माहीत होतं. कशावरून माहीत होतं, रामा? त्याच दिवशी तर पहिल्यांदा भेटला. त्या रात्री तू कुठे होतास, काय करत होतास, हे त्याने एकदा तरी विचारलं? बाकीच्यांनी न विचारता वाईट ठरवला. याने न विचारता चांगला ठरवला. त्या माणसाला कोणी विचारलंच नाही.”

रामचंद्रचा हात पातेल्यात थांबला. नळ वाहत होता. पलीकडच्या खोलीत कोणीतरी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

“मोहिद्दीन,” तो म्हणाला. “तुला दिसतं का रे नीट?”

मोहिद्दीनने हातातलं ताट आणखी एकदा विसळलं. ते स्वच्छच होतं.

“डाव्याने नाही,” तो म्हणाला. “उजव्यानेही आता धुकं आल्यासारखं होतं. आर्क पेटला की त्या उजेडात जोड दिसतच नाही. अंदाजाने नेतो.”

“किती दिवस?”

“मागच्या रमजानच्या आधीपासून. मला वाटायचं, तुला कळलं नाही. सपोर्टवर टाकलंस तेव्हा म्हटलं, वयाकडे बघून टाकलं असेल.”

“मला कळलं होतं.”

“तेव्हापासून?”

“तेव्हापासून.”

“मग विचारलं का नाहीस?”

रामचंद्रने बोटांनी पातेल्याच्या कडेचा करपलेला भात खरवडला. तुला वाईट वाटेल म्हणून, असं तो म्हणणार होता. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. नागेशचे डोळे गेले असते तर त्याने त्याच दिवशी त्याला चार शिव्या घालून डॉक्टरकडे हाकलला असता.

“विचारायला हवं होतंस,” मोहिद्दीन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “तेव्हा काम भरपूर होतं. महिनाभर गावी जाऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलो असतो. कंपनीने हसत परत घेतलं असतं. माझ्या मेहुण्याचं, साजिदाच्या भावाचं, चिपळूणला केलं, आता पेपर वाचतो.”

“तू का नाही बोललास?”

“मी? फोरमनला जाऊन सांगू, मला दिसत नाही? सांगितलं असतं, पण कोणी विचारल्यावर.”

पातेलं धुऊन झालं होतं. रामचंद्र ते हातात धरून बसला.

“उद्या मी काय करू?”

“ते मला विचारू नको,” मोहिद्दीन म्हणाला. “ते तुझं काम.” आणि ताटांची चळत उचलून तो खोलीकडे गेला. दाराच्या पायरीपाशी त्याने आधी पावलाने चाचपून पाहिलं, मग पाय उचलला. हे रामचंद्रने याआधीही बघितलं होतं.

शनिवारी त्याने मोहिद्दीनचं नाव दिलं. साहेबाने कारण विचारलं नाही, तरी त्याने सांगितलं. साहेब म्हणाला, ओके, ओके.

त्या संध्याकाळी जेवणाआधी सदानंद त्याच्याशेजारी पलंगावर येऊन टेकला. आवाज खाली आणून म्हणाला, “बरं केलंत. आपला पोरगा वाचला.”

“त्याच्या डोळ्यांमुळे दिलं मी नाव. त्याला दिसत नाही.”

“हो, हो,” सदानंद म्हणाला आणि एक डोळा किंचित मिटला. “डोळ्यांमुळेच. कोणी विचारलं तर मीही हेच सांगेन.”

समोरच्या पलंगावर नागेश बुटांची नाडी सोडत होता. त्याने ऐकलं असावं. खाली घातलेली मान त्याने वर केली नाही, आणि त्या रात्री जेवला नाही.

मोहिद्दीन गेला त्या पहाटे कंपनीची गाडी फाटकापाशी उभी होती. रामचंद्रने त्याची पेटी वर ठेवली. मोहिद्दीनने त्याचा हात हातात घेतला, थोडा जास्त वेळ धरला, आणि म्हणाला, “सोनमच्या लग्नाला बोलाव.” मग गाडीत चढताना दांडी शोधायला त्याचा हात हवेत फिरला. रामचंद्रने तो धरून दांडीवर ठेवला.

दोन महिन्यांनी फोन आला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. “काय सांगू तुला,” मोहिद्दीन म्हणाला, “पलीकडच्या काठावर तुमच्या देवळाचा कळस आहे ना, त्याचा रंग उडालाय.” त्याला परत घ्या म्हणायला रामचंद्र साहेबाकडे गेला. साहेबाने खांदे उडवले. भरती बंद होती, आणि नंतर सुरू झाली तेव्हा पन्नाशीपुढचा वेल्डर कोणाला नको होता. मोहिद्दीनने गावातच खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवायचं काम सुरू केलं.

सोनमचं लग्न दोन हजार दहाच्या मे महिन्यात झालं. मोहिद्दीन साजिदाला घेऊन होडीने आला, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. पंगतीत रामचंद्रच्या शेजारी बसला. समोरच्या रांगेतल्या कोणी वयस्काने विचारलं, “तुम्ही तर आखातात होता ना, मोहिद्दीनभाई? मग कसे आलात?”

“याने काढलं मला,” मोहिद्दीन म्हणाला, रामचंद्रकडे बोट करून. “डोळे गेले होते माझे. बरोबर केलं त्याने.”

मग तो वयस्क माणूस शेजाऱ्याकडे वाकून हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “बघा, किती मोठ्या मनाचा आहे. एक शब्द वावगा काढत नाही.”

मोहिद्दीन हसला. काही सांगायला त्याने हात वर केला, मग तो खाली आणून भातात वरण कालवलं. रामचंद्रने वाढप्याला हाक मारून त्याच्या पानात जिलबी वाढायला सांगितली. मग थांबला, आणि मोहिद्दीनकडे वळून विचारलं, “तुला हवी आहे ना?”

“नको,” मोहिद्दीन म्हणाला. “साखर आहे मला. गेल्या महिन्यात निघाली.”

दोघे जेवत राहिले.

मोहिद्दीन दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये, भातलावणी उरकत आली असताना, घरीच झोपेत वारला. रामचंद्र तेव्हा रुवैसला होता.