फुली मारलेला ठोकळा

मित्रांनो, मी सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातला जुना, तडा गेलेला काँक्रीटचा ठोकळा आहे. दिसायला वीतभर, पण उचलायला याल तर दोन्ही हात लागतील.

माझा जन्म अंकिता नावाच्या विद्यार्थिनीच्या प्रयोगासाठी झाला. सिमेंट, वाळू, खडी आणि पोलादाचे बारीक तंतू कालवून तिने असे काँक्रीट केले, की ते आपले आपणच वाहत साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसावे. "जोतीरामकाका, याला ठोसायचं नाही हं," तिने बजावले होते. काका आष्ट्याचे, प्रयोगशाळेतले मदतनीस. तीस वर्षे त्यांनी लोखंडी सळईने ठोसूनच साचे भरले होते. माझी पाळी आली आणि जित्याची खोड म्हणतात ना, सळई चाललीच!

"अहो काका! आता खडी तळाला गेली असणार."

दुसऱ्या दिवशी मी साच्यातून निघालो, तेव्हा अंकिताने माझ्यावर खडूने फुली मारली. मी बाद झालो. काकांचा चेहरा एवढासा झाला.

त्याच काँक्रीटचे बाकीचे ठोकळे, म्हणजे माझी भावंडे, ताकद भरावी म्हणून पाण्याच्या हौदात गेली. काकांनी मलाही त्यातच सोडले. "बाद झाला म्हणून काय तान्हेला ठेवायचा व्हय?" ते पुटपुटले.

अठ्ठावीस दिवसांनी भावंडे एकेक करून दाबयंत्राखाली गेली. मी दाराशी बसून आकडे ऐकत होतो. माझ्यात किती बळ असेल? आम्हां ठोकळ्यांना ते मोडल्याशिवाय कळत नाही. कुतूहल होते आणि भीतीही, खोटे कशाला बोलू?

शेवटी काकाच म्हणाले, "पोरी, ह्यालाबी लाव की. फुडल्या म्हैन्यात मी रिटायर हुतोय. माझ्या हातनं किती वाटुळं झालं, ते तरी कळू दे."

यंत्र दाबू लागले. भावंडांनी नऊशे किलोन्यूटन दाबाच्या पुढे तग धरला होता. मला सातशेलाच कडकन तडा गेला. काकांनी डोळे मिटले. पण मी विखुरलो नाही. तड्यातल्या तंतूंनी मला घट्ट धरून ठेवले होते.

अंकिता कितीतरी वेळ मला न्याहाळत राहिली. "काका, ताकद कमी भरली. पण का कमी भरली, ते आपल्याला ठाऊक आहे. हे लिहायलाच हवं." तिने फुली पुसली आणि तिथे माझा आकडा लिहिला.

काका आता निवृत्त झालेत, तरी नवी मुले आली की त्यांना बोलावणे जाते. मला टेबलावर ठेवून ते सांगतात, "बघा रं, ही माझी चूक हाय. हात लावून बघा."

मित्रांनो, तुमच्या हातूनही कधी काही बिघडेल. ते लगेच टाकून देऊ नका. त्याची निगा राखा आणि कुठे चुकले ते त्यालाच विचारा. मला बघायला आलात, तर तड्यावरून बोट मात्र जपून फिरवा. तंतू अजून टोचतात.