परतीची वेळ

आमच्या वसतिगृहात सुटी मागायची एकच रीत होती. हात पाठीमागे घ्यायचे, सरळ उभं राहायचं आणि इंग्रजीत म्हणायचं, “प्लीज मॅडम, आय बेग फॉर पर्मिशन टू गो होम.” मग रेक्टर म्हणून मी चिठ्ठी लिहायची: नाव, कारण, परतीची वेळ. आपल्या एव्हे भाषेत मागणारीला मी आल्या पावली परत पाठवत असे.

एसिनामने ते एका दमात म्हटलं होतं. धाकट्या बहिणीचं बारसं होतं. मी लिहिलं, ‘रविवार, दुपारी चार.’ ती वेळ गाठायला निघालेली तिची होडी सरोवरात उलटली. तिला तिच्या गावीच पुरलं.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता व्हरांड्यात पत्र्याची पेटी ओढत आणल्याचा आवाज येई. तिच्या रिकाम्या खाटेपाशी घरून आणलेल्या गारीचा, म्हणजे कसाव्याच्या भाजक्या रव्याचा, आणि सुकी मासळी घातलेल्या मिरचीच्या चटणीचा वास सुटे. मुली त्या खोलीत झोपेनात. पहाटेचं स्तोत्र मी कधी चुकवलं नाही. बुधवारच्या उपासाला शुक्रवारही जोडला. आवाज थांबला नाही.

वर्षाने एसिनामची आई आली, यावा तिचं नाव, धाकटीला पाठीशी बांधून.

“आम्ही काठावर जाऊन हाका मारल्या, बाई. दोनदा. बुडालेल्या माणसाचा आत्मा हाकेला घरी येतो. ही येत नाही. दीर म्हणाले, पोरगी शाळेची झालीय, तिला वेळेवर पोचायचंय.”

“यावाताई, मी रोज प्रार्थना करते तिच्यासाठी.”

“करा ना. पण चिठ्ठी काही देवाने लिहिली नव्हती.”

मी पुढ्यातली वही मिटली.

“विचारल्याशिवाय पाणी प्यायची नाही ती. इथे येण्याआधी अशी नव्हती.”

मग ती सरळ उभी राहिली. लेकराखालून हात पाठीमागे घेतले आणि अडखळत, पण सबंध वाक्य म्हणाली, “प्लीज मॅडम, आय बेग फॉर पर्मिशन टू गो होम.” मग हळूच, “भाचीने शिकवलं. वाटभर घोकत आले. तिच्या वतीनं मागितलेलं चालतं ना?”

गेलेल्याला सुटी देणं माझ्या धर्मात बसत नव्हतं. तरी मी वही ओढली. नाव लिहिलं. कारण लिहिलं: घर. तिसऱ्या ओळीवर पेन टेकवला आणि उचलला.

“परत कधी यायचं लिहिलंत?”

“काही नाही लिहिलं.”

“अशी चालते? फाटकावरचा तुमचा म्हातारा मलाच आत सोडताना तीन प्रश्न विचारत होता.”

“माझी सही आहे. चालेल.”

चिठ्ठी तिच्या हाती दिली. खोलीच्या दारात गेले आणि खाटेकडे बघून म्हणाले, “एसिनाम, घरी जा, बाळा. आई न्यायला आलीय.” एव्हेमध्येच म्हणाले.

यावा फाटकाकडे निघाली. माघारी वळून पाहिलं नाही तिनं. सावकाश चालली होती, हातात जड पेटी असलेल्या कुणाला तरी बरोबर घेऊन चालावं तशी.