दुरियनची बैठक

बुसूने उकडलेल्या शाबूकंदाची चौथी टोपली मधोमध आदळली आणि ती पुन्हा आपल्या चटईवर, आलांगकडे पाठ करून बसली.

बैठकीचा दुसरा दिवस होता. बातिनच्या, म्हणजे गावच्या प्रमुखाच्या, बांबूच्या घरात सगळं गाव दाटीवाटीने बसलं होतं. मलेशियाच्या जंगलात राहणाऱ्या सेमाई लोकांची ही जुनी रीत. भांडण झालं की हात उचलायचा नाही. दोन्हीकडच्या नातलगांनी बोलत राहायचं, राग दमून आडवा होईपर्यंत. मग बातिनने विचारायचं, कुणाचं काही राहिलंय का. कुणाचंच नसलं की विषय मिटला. पुन्हा तो जन्मात कुणी तोंडातून काढायचा नाही.

विषय होता बुसूच्या दुरियनचा. झाड तिच्या नवऱ्याने, पांडकने, लग्नाच्या वर्षी लावलेलं. तो जाऊन बारा वर्षं झाली होती. शेजारच्या धाकट्या दिराने, आलांगने, यंदा हौसेने पत्र्याचं छप्पर घातलं आणि नारळाएवढी काटेरी फळं त्यावर धडाधड पडू लागली. बुसू लेकीकडे गेली असताना त्याने झाड बुंध्यापासून तोडलं.

"वहिनी, एकेका फळासरशी माझी बायको चुलीत शिरायला निघायची हो!"

"मग विचारायचं होतंस. जीभ काय पत्र्याखाली अडकली होती?" बुसू भिंतीला म्हणाली.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"मुळीच नाही."

"बघा!" आलांगने दोन्ही हात पसरले. "मागितलेलं मिळालं नाही की मागणाऱ्यावर संकट येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला साप चावला असता आणि बोल तुम्हाला लागला असता. तुमच्या काळजीपोटीच विचारलं नाही मी."

माना डोलल्या. यात चूक काढायची तरी कुठे? बुसूच्या सख्ख्या मावशीचीही मान डोलायला लागली. बुसूने असं पाहिलं की ती अर्ध्यावरच थांबली.

झाड बुसूचंच होतं हे पुन्हा एकदा सिद्ध करायला मग तिचा मामा उठला. नदीला पूर असताना पांडक रोप घेऊन कसा पोहत आला, आणि लुंगी वाहून गेल्यामुळे अंधार पडेपर्यंत केळीमागे कसा बसून राहिला, ते त्याने सांगितलं. लोक पोट धरून हसले. राग विझायचा तो असाच, म्हणून बातिनही हसले.

"आणि त्याला दुरियन आवडायचा तरी कुठे?" मावशी म्हणाली. "वासानेच मळमळायचं. हिला आवडतो म्हणून नाक दाबून पाणी घालायचा."

बुसूचा कंद सोलणारा हात थांबला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून बारा वर्षांत पांडकचं नावच कुणी काढलं नव्हतं.

दुपार कलली. सगळ्यांचे घसे बसले होते. बातिन गुडघे चोळत म्हणाले, "कुणाचं काही राहिलंय?"

बायका चटया गुंडाळू लागल्या. बुसूने मनात चाचपून पाहिलं. रागाचा कणही सापडेना.

"माझं राहिलंय," ती घाईने म्हणाली.

"आता काय, बाई?"

"राग." तिने कंद पुन्हा सोलायला घेतला. "पुष्कळ आहे अजून. दोन दिवस तरी पुरेल."

बातिनने डोळे मिटले. घरभर उसासे उमटले. आलांगने मान वाकडी करून दोन दिवसांत पहिल्यांदाच वहिनीचा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग बायकोने गुंडाळलेली चटई तिच्या हातातून घेऊन त्याने पुन्हा पसरली.

"माझंही राहिलंय," तो म्हणाला. "दादाने ते रोप ज्या टोपीत आणलं, ती टोपी माझी होती. न विचारता नेली होती त्याने."

"कसली टोपी?" असं म्हणत बुसू त्याच्याकडे तोंड करून बसली.