सत्तेचाळीस नंबरच्या बाई

मी फाईल बोलतेय. निळा पुठ्ठा, दोन कड्या आणि पाठीवर चिकटवलेला सत्तेचाळीस हा आकडा, एवढीच माझी ओळख. माझ्यात ज्यांची हकिगत आहे, त्यांचं नाव माझ्या एकाही पानावर नाही. वैद्यकीय अभ्यासात भाग घेणाऱ्या रुग्णांची ओळख उघडी पडू नये म्हणून नावं वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवतात. म्हणून मी त्यांना नुसतं बाई म्हणते.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहानशा खोलीत माझ्यात कोरे कागद ओवले गेले, तेव्हाच बाई समोरच्या खुर्चीत येऊन टेकल्या. लिफ्टने आल्या होत्या, तरी धाप लागलेली. वय एकाहत्तर, जन्मभर शिवणकाम केलेल्या. सोबत कुणी नव्हतं.

"घरी कोण असतं, मावशी?" सिस्टरनी विचारलं.

"मी आणि मशीन."

"कसलं मशीन? ऑक्सिजनचं?"

"अगं, शिलाईचं!" बाई हसल्या आणि हसण्यानेच पुन्हा दमल्या.

मग डॉक्टर आले. म्हणाले, "हृदयातून रक्त जिथून बाहेर पडतं, तिथली झडप कडक आणि अरुंद झालीय. बदलावी लागेल. एक तर छाती उघडून, नाहीतर जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून. घडी केलेली नवी झडप त्या नळीने वर न्यायची आणि तिथे उघडायची. तुम्हाला दोन्ही चालतील. पण तुमच्यासारख्यांना पुढे बऱ्याच वर्षांनी कशाचा फायदा जास्त, ते शोधायचंय. कुणाला काय करायचं, ते कॉम्प्युटर ठरवेल, चिठ्ठी टाकल्यासारखं."

"म्हणजे तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही, मावशी. माहीत असतं तर हा अभ्यास कशाला केला असता?"

बाईंनी हातातली पिशवी मांडीवर ठेवली. "पन्नास वर्षं मी गिऱ्हाइकांना 'परवा नक्की देते' म्हणत आले. तुम्ही निदान खरं बोललात."

त्या कागद घरी घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी येऊन सही केली. सहीच्या आधी सिस्टरनी पुन्हा बजावलं की मनात येईल तेव्हा बाहेर पडता येईल, उपचार काही थांबणार नाहीत.

चिठ्ठी निघाली ती छाती उघडायची. बाईंच्या मनात दुसरी होती. त्यांचा चेहराच उतरला.

"आत्ताही नाही म्हणता येईल," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"माझ्या आईला हाच आजार होता. तेव्हा तिला कुणी काही सांगितलंच नाही, नुसती झोपून राहिली ती. मला दोन वाटा मिळाल्या, त्यातली एक निघाली." त्यांनी पदराने डोळे टिपले. "भीती वाटतेय, हे पण लिही हो."

भीतीसाठी माझ्यात रकाना नव्हता. सिस्टरनी ते कडेला लिहिलं.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याने बाईंनी स्वतःच्या छातीवरची खूण दाखवत शेरा दिला, "शिलाई सरळ आहे. पण मी टाके अजून बारीक घातले असते."

पुढे दर वर्षी एक दिवस माझ्या वाट्याला यायचा. बाकी वर्षभर मी रॅकमध्ये, सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मध्ये उभी असायची. सहा मिनिटं चालायची चाचणी लांबच लांब पॅसेजमध्ये व्हायची. पहिल्यांदा बाई मध्येच भिंतीला धरून थांबल्या होत्या. नंतर त्या सिस्टरच्या पुढे जायला लागल्या.

मग प्रश्न. झोपताना धाप लागू नये म्हणून उशा किती घेता? झोप लागते का? पाय सुजतात का? पहिल्या वर्षी उत्तरं एकेका शब्दाची होती. तिसऱ्या वर्षापासून ती ओळीत मावेनात. भाची परगावी गेली, खालचं दुकान बंद पडलं, बोलायला कुणी नाही, असं सगळं त्या सांगत बसायच्या. त्या दिवसासाठी त्या खास नवा ब्लाउज शिवून यायच्या.

पाचव्या वर्षी सगळं तपासून झालं, शेवटची सही झाली. बाईंनी पिशवी उचलली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी कधी येऊ?"

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "आता अभ्यास संपला, मावशी. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दाखवत राहा. इथे यायची गरज नाही."

"असं का," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "प्रकृती छान आहे ना पण माझी?"

"अगदी छान."

"मग बरंय," म्हणून त्या उठल्या. दारात एकदा थांबल्या, मग लिफ्टकडे गेल्या.

आता मी तळघरात, खोक्यात आहे. अभ्यासाचं उत्तर काय निघालं, मला ठाऊक नाही. फायलींना निकाल कळवत नाहीत. बाईंचं काय झालं, तेही कळणार नाही. माझी पानं त्या दिवशीच संपली.

कागद पंधरा वर्षं सांभाळायचा, असा इथला नियम आहे. बऱ्या झालेल्या माणसाची विचारपूस किती वर्षं करायची, याचा नियम मात्र कुणी केलेला नाही. तो होईपर्यंत थांबू नका. तुमच्या इमारतीत कुणी एकटं राहत असेल, तर आजच दार वाजवा.